शेपटीचे वीस केस

वीस केस लागतात, मुळासकट.
कात्रीनं कापलेले चालत नाहीत.
हे मी रायगोंडा मगदुमांना मराठीत सांगितलं,
त्यांच्या सुनेला कन्नडमध्ये,
आणि वळूला काहीच न सांगता
त्याच्या शेपटीचा गोंडा धरून ओढलं.

जुगूळ. कृष्णा इथं इतक्या जवळून वळते
की पलीकडच्या राज्यातलं कुत्रं भुंकलं
तर अलीकडची म्हातारी त्याला हाड म्हणते.
फॉर्म कन्नडमधला. रकाना चौथा : जात.
‘कुणाची?’
‘वळूची हो.’
‘मग लिव्ह की. कृष्णाकाठी. आज्ज्यापासनं.
आमच्या दावणीवर जर्सीची सावली पडू दिली न्हाई.’
पाकिटावर मी आकडा घातला : एकशे सतरा.

एक पाकीट उरलं होतं.
परतताना वेशीजवळ चंद्रव्वाच्या पत्र्याखाली
एक भुरकी गाय दिसली, बरगड्या मोजाव्यात अशी,
एक शिंग अर्ध्यात मोडलेलं.
‘नाव काय हिचं?’
‘गाय.’
एकशे अठरा.

मग तीन महिने
मी माझं नेहमीचं काम केलं.
मोटरसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून
शिरगुप्पी, मंगसुळी, मळ्यामळ्यांतून,
गार धुरातून कांडी उचलायची, कोमट पाण्यात धरायची,
आणि देशी गाईच्या पोटात
कधी न पाहिलेल्या बर्फाळ मुलखातलं होल्स्टीन ठेवून यायचं.
पगार त्याचाच मिळतो.
शुद्ध कुठं उरलंय ते शोधायचा मिळतो फक्त भत्ता.

अहवाल आला.
एकशे सतरा : कृष्णाकाठी एकसष्ट, खिलार एकतीस,
बाकी अनिश्चित. निवडीस अपात्र.

रायगोंडांनी चष्मा लावला.
इंग्रजी येत नाही, पण आकड्यांवरून बोट फिरवलं,
एकतिसावर थांबले.
सून आत गेल्याचं बघून म्हणाले,
‘एकोणीसचा पूर. सगळी जनावरं वरच्या माळावर.
कुठल्या गावचं कुठलं, कुणाला पत्त्या.
अकरा रात्री. त्यातल्या एका रात्री
आमची गाय दावं तोडून गेली.
पहाटं आली ती शिंगात कडब्याचं पान अडकवून.
मी बघिटलो होतो.
बोललो न्हाई कुणाला.’

मी म्हणालो, अण्णा, कृष्णाकाठी तरी
आभाळातून कुठं पडली?
गीर आणली कुणीतरी, ओंगोल आणली,
कांक्रेज, म्हैसूरकडची,
काळ्या चिखलात पाय न रुतणारं काही जन्मेपर्यंत
पिढ्यान्‌पिढ्या मिसळत राहिले, मग नाव ठेवलं.
‘तर मग आमच्या गाईनं काय येगळं केलं?’
त्यांनी विचारलं.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
कागदाची घडी त्यांनी टोपीत ठेवली.
उठून वळूच्या वशिंडावर हात फिरवला,
जरा जास्तच वेळ.

चंद्रव्वा शेणी थापत होती.
‘चौऱ्याण्णव,’ मी म्हणालो.
‘शंभरात?’
‘शंभरात.’
‘आमच्या पोराला धाव्वीत बेचाळीस पडले.’
हात तसाच शेणात ठेवून तिनं गाईकडं पाहिलं,
हिनं चोरून अभ्यास केला असावा तसं.
‘दूध वाढतंय का ह्यानं?’
‘नाही.’
‘मग काय वाढतंय?’

तिला योजना सांगितली. वंशावळ, नोंदणी,
बेळगावहून येणारे डॉक्टर, वासराचं अनुदान.
ती ऐकत होती की नाही कळेना.
मी कानाला पिवळा बिल्ला ठोकला.
गाईनं मान झटकली, दोन थेंब उडाले,
एक माझ्या बाहीवर, एक तिच्या शेणीवर.

‘अय्य, रगात,’ ती म्हणाली. आणि मग, अगदी सरळपणे :
‘हे चौऱ्याण्णवातलं, का सहातलं?’

मी कापूस शोधत राहिलो,
या खिशात, त्या खिशात.